लाल अक्षरांना घाबरू नका

दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेच्या फाटकावर, लग्नाच्या मांडवात, किराणा दुकानात, जिथे भेट होईल तिथे पालक एकच प्रश्न विचारतात, "टीचर, मुलगी बीसीए म्हणते, मुलगा बीएस्सी आयटी म्हणतो. तिथं नेमकं काय शिकवतात हो?" डॉक्टर, वकील किंवा शिक्षक काय करतो हे आपल्याला सांगावे लागत नाही. 'वेब ॲप्लिकेशन' बनवणारा काय करतो, हे मात्र घरात कुणालाच नीट ठाऊक नसते. मग तीन वर्षांची फी भरताना मन खात राहते. म्हणून या महिन्यात या शिक्षणाबद्दल बोलू. मी भाषा शिकवणारी बाई आहे, संगणकतज्ज्ञ नाही. पण माझ्या हातून गेलेली मुले-मुली हा विषय शिकताना मी अगदी जवळून पाहते आहे.

सुरुवात सोप्या फरकापासून करू. एसटी स्टँडवर भिंतीला गाड्यांचे वेळापत्रक लावलेले असते. ते आपण वाचू शकतो, पण त्याला काही विचारू शकत नाही. शेजारी आरक्षणाची खिडकी असते. तिथे आपण गाव, तारीख सांगतो, आतला माणूस जागा पाहतो, हो किंवा नाही म्हणतो, पैसे घेतो आणि तिकीट देतो. वेब पानांचेही असेच दोन प्रकार आहेत. काही पाने फक्त वाचायची, तर काही आपले ऐकून उत्तर देणारी. दुसऱ्या प्रकारची पाने बनवायला शिकणे म्हणजे संवादी वेब ॲप्लिकेशनचे प्रोग्रॅमिंग. बँकेचे पान, वीजबिल, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेल्वेचे तिकीट हे सगळे त्यातच येते.

टिम बर्नर्स-ली या ब्रिटिश संशोधकाने १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. सुरुवातीची वेब पाने मुख्यतः भिंतीवरच्या वेळापत्रकासारखी होती. कुणी लिहायचे आणि इतरांनी वाचायचे. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जेमतेम दहा दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला आराखडा केला. पुढे तिचे नाव जावास्क्रिप्ट पडले. या भाषेमुळे ब्राउझरमधले पान जागच्या जागी प्रतिसाद देऊ लागले. आजही या क्षेत्रातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती शिकावीच लागते.

आता घरातलेच उदाहरण घेऊ. समजा, एक खाला घरी शिलाई करतात. ईद जवळ आली की वहीत नोंदींची गर्दी होते. कुणाचा कुर्ता, कुणाचा शरारा, कोणत्या तारखेला द्यायचा, आगाऊ पैसे किती आले. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या भाचीने ठरवले की याचे एक वेब ॲप्लिकेशन करायचे. तिला काय काय करावे लागेल?

आधी पान हवे. नाव लिहायची जागा, मापांचे रकाने, तारीख, बटण. हा सांगाडा एचटीएमएलने बांधतात. रंग, अक्षरांचा आकार, मोबाइलवर पान नीट दिसणे हे काम सीएसएसचे. बटण दाबताच "तारीख लिहायची राहिली" असे पानाने तिथेच सांगावे, हे जावास्क्रिप्टचे. इथपर्यंत सगळे ग्राहकाच्या मोबाइलवर घडते. पुढे ती माहिती दूरच्या एका संगणकाकडे जाते, त्याला सर्व्हर म्हणतात. तिथला प्रोग्रॅम माहिती तपासतो आणि डेटाबेसमध्ये, म्हणजे शिस्तीत मांडलेल्या मोठ्या नोंदवहीत, लिहून ठेवतो. मग उत्तर परत येते, "ऑर्डर मिळाली, कपडा अमुक तारखेला मिळेल."

हे ऐकायला सरळ वाटते. कस लागतो तो 'असे झाले तर' या प्रश्नांत. कुणी मापाच्या रकान्यात आकड्याऐवजी नाव लिहिले तर? ईदच्या आदल्या दिवशी एकाच कपड्याची जागा शिल्लक आहे आणि दोन ग्राहकांनी एकाच क्षणी बटण दाबले तर? दोघींनाही "मिळाली" असे उत्तर गेले, तर सकाळी खालांच्या दारात भांडण ठरलेले. पानावर केलेली तपासणी कुणी मुद्दाम चुकवली तर? म्हणून तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावी लागते. ग्राहकांचे पासवर्ड जसेच्या तसे लिहून ठेवले आणि नोंदवही चोरीला गेली तर? म्हणून पासवर्ड अशा रूपात साठवतात की चोराला त्यावरून मूळ शब्द सहज काढता येऊ नये. प्रोग्रॅमिंगमध्ये मुलांना संगणकाची भाषा शिकवतात हे खरे, पण त्याहून अधिक शिकवतात तो पुढचा विचार. माणसे कुठे चुकतील आणि आपण आधीच काय सोय करून ठेवायची, याचा विचार.

आता हे शिकवतात कसे ते पाहू. आपल्याकडे बीसीए, बीएस्सी आयटी, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंग या सगळ्या अभ्यासक्रमांत हा विषय कुठल्या ना कुठल्या नावाने असतो. पेपर असतो, प्रॅक्टिकल असते, जर्नल असते. अडचण जर्नलपाशी सुरू होते. एकाने प्रोग्रॅम लिहायचा आणि बाकीच्यांनी उतरवायचा, तोंडी परीक्षेचे दहा प्रश्न पाठ करायचे, ही पद्धत अनेक ठिकाणी रुजली आहे. इतिहासाच्या सनावळ्या पाठ करून निदान सनावळ्या तरी लक्षात राहतात. पाठ केलेला प्रोग्रॅम मात्र एक ओळ बदलायची वेळ आली की निरुपयोगी ठरतो.

याच्या उलट एक नमुना आपल्याच देशात आहे. आयआयटी मद्रासने २०२० साली डेटा सायन्सचा एक ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जाहीर केला. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी हवे. नेहमीच्या जेईईची अट नाही. चार आठवड्यांचा अभ्यास करून एक पात्रता परीक्षा द्यायची. व्याख्याने घरून ऐकता येतात, पण मुख्य परीक्षांना केंद्रावर जावेच लागते. दुसरी पदवी करता करताही हा अभ्यास करता येतो आणि उत्पन्नाच्या व प्रवर्गाच्या दाखल्यांवर फीमध्ये सवलत आहे. यात 'मॉडर्न ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट' नावाचे दोन विषय आहेत आणि प्रत्येकाबरोबर एक प्रकल्प करायचा असतो. एखाद्या सत्रात ग्रंथालयाचे ॲप्लिकेशन, एखाद्या सत्रात वाहनांच्या पार्किंगचे. पहिल्या प्रकल्पात पायथन भाषा, तिच्यावर चालणारे फ्लास्क आणि साधा डेटाबेस वापरायचा. दुसऱ्यात त्याच प्रकारचे काम आणखी वरच्या पातळीवर न्यायचे. उदाहरणार्थ, वापरणाऱ्याला ठरावीक वेळी आपोआप आठवण पाठवणे.

या पद्धतीतली सर्वांत चांगली गोष्ट मला त्यातल्या तोंडी परीक्षेची वाटते. प्रकल्प जमा केला म्हणजे सुटका होत नाही. परीक्षकापुढे तो चालवून दाखवायचा, कोणता भाग का लिहिला ते सांगायचे. दुसऱ्याचे उतरवलेले असेल तर इथे उघडे पडते. तुमच्या मुलांच्या कॉलेजात अशी कडक पद्धत असो वा नसो, घरात ती सुरू करता येते. तुम्हाला संगणक येत नसला तरी मुलाला म्हणता येते, "चालवून दाखव. हे बटण दाबलं की पुढे काय होतं, ते मला समजेल असं सांग." ज्याला कळले आहे तो सांगू शकतो. ज्याने उतरवले आहे तो "अम्मी, तुला नाही कळणार" म्हणतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. या विषयाचा अभ्यास बाहेरून पाहणाऱ्याला अभ्यास वाटत नाही. गणिताचा विद्यार्थी पाने भरतो, ते दिसते. प्रोग्रॅमिंगचा विद्यार्थी दोन तास एकाच पानाकडे पाहत बसतो, मधूनच एक अक्षर बदलतो, पुन्हा पाहतो. पडद्यावर लाल अक्षरांत चुकीचा संदेश येत राहतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बू याच कारणाने काळजीत पडले होते. उर्दू माध्यमातून दहावी, कला शाखेतून बारावी आणि मग बीसीए, अशी ती मुलगी. ते म्हणाले, "टीचर, रात्री अकरापर्यंत बसते. डोकावून पाहिलं तर तेच पान, तीच लाल अक्षरं. तिला जमत नाही आणि ती सांगत नाही. हे वर्ष झालं की बंद करतो, डीएडला घालतो." मी म्हटले, "भाई, आधी तिलाच विचारू या."

मुलीने लॅपटॉप उघडला आणि अब्बूंना समजावून सांगितले. पानावर मोबाइल नंबरच्या रकान्याला तिने एक नाव दिले होते. प्रोग्रॅममध्ये तेच नाव लिहिताना पहिले अक्षर मोठ्या लिपीतले पडले होते. जावास्क्रिप्टच्या लेखी ती दोन वेगळी नावे. प्रोग्रॅम नसलेला रकाना शोधत होता आणि ब्राउझर सांगत होता, 'जे इथे नाहीच त्यातली माहिती मी कुठून देऊ?' चूक कोणत्या फाइलमध्ये, कितव्या ओळीत आहे तेही तिथेच लिहिले होते. ती म्हणाली, "अब्बू, हे लाल अक्षर रागावत नाही. कुठं बघायचं ते सांगतं. पहिल्या वर्षी मला ते वाचताच येत नव्हतं. आता अशा चुका मी दहा मिनिटांत काढते, नव्या प्रकारची आली की रात्र जाते."

अब्बू बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच विचारले, "म्हणजे मागच्या महिन्यात ज्या चुकीला रात्र लागायची, तिला आता दहा मिनिटं?" ती हो म्हणाली. डीएडची गोष्ट त्यानंतर निघाली नाही.

त्या प्रश्नात या विषयाचे खरे मोजमाप आहे. अडकणे हाच इथला अभ्यास आहे. दर आठवड्याला मूल कुठेच अडकत नसेल, तर ते एक तर फार सोपे काम करते आहे किंवा दुसऱ्याचे उतरवते आहे. म्हणून "अजून झालं नाही का?" हा प्रश्न घरातून काढून टाका. त्याऐवजी "मागच्या आठवड्यात जे चालत नव्हतं, त्यातलं आज काय चालतं?" असे विचारा.

अडकलेल्या माणसाला सलग वेळ लागतो. इथे आपल्या घरांचे एक गाऱ्हाणे मांडलेच पाहिजे. मुलगा संगणकापुढे बसला की "अभ्यास करतोय, आवाज करू नका" असे आपण म्हणतो. मुलगी बसली की दर दहा मिनिटांनी हाक जाते. पाहुणे आले, चहा ठेव. दूध उतू जाईल, बघ. भावाचा शर्ट इस्त्री कर. प्रत्येक काम पाच मिनिटांचे असते, पण डोक्यात जुळवत आणलेले दहा धागे त्या पाच मिनिटांत सुटतात आणि परत जुळवायला अर्धा तास जातो. मुलीने घरकाम करूच नये असे मी म्हणत नाही. रोज दीड-दोन तासांची वेळ ठरवा, त्या वेळात तिला हाक मारू नका आणि त्या वेळातला चहा मुलाला करू द्या.

दुसरी गोष्ट साधनाची. मोबाइलवर व्याख्यान ऐकता येते, पण प्रोग्रॅम लिहायला कीबोर्ड आणि मोठा पडदा हवाच. नवा महागडा लॅपटॉपच पाहिजे असे नाही. चांगल्या अवस्थेतला, आठ जीबी रॅम असलेला वापरलेला लॅपटॉपही या अभ्यासाला पुरतो. तो पाहून घ्यायला जाणकार माणूस बरोबर न्या. तेही शक्य नसेल तर कॉलेजची लॅब सुटीनंतर किती वेळ उघडी असते, हे प्रवेश घेण्यापूर्वीच विचारा. सॉफ्टवेअरवर खर्च नाही. व्हीएस कोड हा प्रोग्रॅम लिहिण्याचा एडिटर फुकट आहे आणि क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ१२ हे बटण दाबले की चुका तपासायची साधने उघडतात.

तिसरी भीती इंग्रजीची. उर्दू किंवा मराठी माध्यमातली मुले इथेच कच खातात. त्यांना मी सांगते की पायथन भाषेत राखीव शब्द फक्त पस्तीस आहेत. जावास्क्रिप्टमध्येही ते मोजकेच आहेत. खरी अडचण त्या शब्दांची नसते, चुकीचे संदेश आणि माहितीची पाने वाचण्याची असते. त्यावर एक वही घाला. आलेला प्रत्येक नवा लाल संदेश डाव्या पानावर उतरवा, उजव्या पानावर त्याचा अर्थ आपल्या भाषेत आणि तो कसा सुटला ते लिहा. एका सत्रात तीच तुमची सर्वांत कामाची वही होईल.

आपल्या दोन भाषा येणे ही तर जमेची बाजू आहे. मराठी डावीकडून उजवीकडे जाते, उर्दू उजवीकडून डावीकडे. एचटीएमएलमध्ये मजकुराची दिशा सांगण्याची सोय आहे. ती न सांगता उर्दू परिच्छेद टाकला तर पूर्णविराम भलत्याच टोकाला जातो आणि मध्ये आकडे किंवा इंग्रजी शब्द आले की क्रम विस्कटतो. नस्तालीक अक्षरे वरून खाली तिरपी उतरतात, म्हणून दोन ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर नुक्ते कापले जातात. ज्याला उर्दू वाचता येत नाही, त्याला या चुका दिसणारही नाहीत. खालांच्या शिलाईचे पान मराठी, उर्दू दोन्हींत नीट चालवून दाखवणारी मुलगी मुलाखतीत सांगण्यासारखे काम घेऊन जाते.

कॉलेजातले शिकवणे अपुरे वाटले तर फुकटचे चांगले मार्ग आहेत. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा प्रसिद्ध अभ्यासक्रम आहे. त्याच्या पुढच्या भागात पायथन आणि जावास्क्रिप्ट वापरून वेब प्रोग्रॅमिंग शिकवतात. विद्यार्थी त्यात विश्वकोशाचे, लिलावाचे, ईमेलचे अशी एकामागून एक ॲप्लिकेशन बनवतात. फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठाचा 'फुल स्टॅक ओपन' हा अभ्यासक्रमही सर्वांसाठी मोफत आहे. तो थोडा वरचा आहे, प्रोग्रॅमिंगची तोंडओळख झाल्यावरच घ्यावा. दोन्ही इंग्रजीत आहेत. एका वेळी एकच धरा आणि पुरा करा.

अलीकडे आणखी एक प्रश्न आला आहे. चॅटजीपीटीसारख्या साधनाला सांगितले की ते क्षणात प्रोग्रॅम लिहून देते. मग मुलांनी शिकायचे तरी कशाला? त्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये ती एका कपड्याची दोन गिऱ्हाइके राहून गेली असतील, तर ते ओळखायला शिकलेलाच माणूस लागतो. मुलांना एकच नियम घालून द्या. जी ओळ समजावून सांगता येत नाही, ती जमा करायची नाही. अडलेली गोष्ट समजून घ्यायला ते साधन खुशाल वापरावे, पण आधी अर्धा तास स्वतः झगडून.

प्रवेशाबाबतही सावध राहा. २०२४-२५ पासून बीसीए अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आला आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यासाठी प्रवेश परीक्षा सुरू केली. परीक्षेची तारीख निकालाची वाट पाहत थांबत नाही, म्हणून बारावीच्या वर्षातच चौकशी करा. बीएस्सीच्या काही अभ्यासक्रमांना बारावीला गणित लागते, काहींना नाही. ज्या कॉलेजात जायचे आहे तिथेच विचारा. "शंभर टक्के नोकरी" अशी पाटी लावून मोठी रक्कम आधी मागणाऱ्या क्लासच्या दारातून परत फिरा. नुसत्या पदवीवर नोकरी मिळेल असे कुणी प्रामाणिक माणूस सांगणार नाही. मुलाखत घेणारे विचारतात, "तुम्ही काय बनवलं आहे?" तीन वर्षांत स्वतः बनवलेली, चालणारी दोन-तीन ॲप्लिकेशन दाखवता आली, तर या प्रश्नाचे उत्तर तयार असते.

शिलाई शिकताना पहिल्या वर्षी किती कापड उसवावे लागते, हे आपल्या घरातल्या बायकांना सांगायला नको. उसवणाऱ्या मुलीच्या हातून आपण सुई काढून घेत नाही. लॅपटॉपपुढे बसलेल्या मुला-मुलींनाही तितकाच धीर द्या. या रविवारी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि म्हणा, "दाखव, आज काय अडलंय?"